गर्दीचे खापर जनतेवर, जागा मात्र रिकाम्याच!



लोकसभेत नाहीतर राज्यसभेत अधूनमधून एक प्रश्न हमखास निघतो. देशाची लोकसंख्या एवढी वाढली, आता रेल्वे, टपाल, दवाखाने, शाळा पुरणार कशा? बाकांवरून माना डोलतात. कुणी कडक कायद्याची मागणी करतो, कुणी एखाद्या समाजाकडे बोट दाखवतो, आणि चर्चा संपते. डब्याच्या दारात लोंबकळणारा चाकरमानी, तिकीट खिडकीसमोर ताटकळणारी बाई, विश्रांती पुरी व्हायच्या आत पुन्हा ड्यूटीवर बोलावला गेलेला लोको पायलट, यांच्या पदरात काय पडते? एवढेच, की तुम्ही फार झालात!

आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. माणसे फार झाली म्हणून सेवा मोडलेल्या नाहीत. सेवा देणारी माणसे कमी केली म्हणून मोडल्या आहेत. लोकसंख्या ही निव्वळ सबब आहे. आकडे वर गेले तरी ती चालवतात आणि खाली आले तरी चालवतात. हे आम्ही रागाच्या भरात बोलत नाही. सरकारने वेळोवेळी संसदेपुढे ठेवलेले कागद आणि रेल्वे-टपालाचे आकडे समोर ठेवून बोलतो आहोत.

दीड महिन्यातले दोन सूर

४ जुलै २०१९ रोजी संसदेत आर्थिक पाहणी अहवाल मांडला गेला. त्यात लोकसंख्येवर एक अख्खे प्रकरण होते. त्याचा सारांश असा, की देशातला जन्मदर झपाट्याने खाली येत आहे, शाळेत जाणाऱ्या मुलांची संख्या पुढच्या वीस वर्षांत घटणार आहे, तेव्हा नव्या प्राथमिक शाळा बांधण्यापेक्षा आहेत त्या एकत्र करा. म्हातारे वाढणार, म्हणून निवृत्तीचे वयही वाढवावे लागेल. त्याच प्रकरणात दवाखान्यांतल्या खाटा वाढवाव्या लागतील असेही लिहिले होते. ते वाक्य मात्र कुणाच्या लक्षात राहिले नाही.

त्यानंतर आठच दिवसांनी राज्यसभेत श्री. राकेश सिन्हा यांनी लोकसंख्या नियमनाचे खाजगी विधेयक मांडले. दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्यांच्या सवलती काढून घ्याव्यात असा त्याचा रोख होता. पुढे १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी लोकसंख्येच्या विस्फोटाची चिंता बोलून दाखवली. म्हणजे जुलैत मुले कमी होणार म्हणून शाळा एकत्र करायच्या, आणि ऑगस्टात मुले फार होतात म्हणून देशाने धास्ती घ्यायची! ते विधेयक एप्रिल २०२२ मध्ये मागे घेतले गेले. सक्तीची गरज नाही, जनजागृतीनेच जन्मदर खाली आला आहे, असे आरोग्यमंत्र्यांनीच त्या वेळी सभागृहात सांगितले. तरी १ फेब्रुवारी २०२४ च्या हंगामी अर्थसंकल्पात वेगाने वाढणाऱ्या लोकसंख्येच्या आव्हानांचा विचार करण्यासाठी उच्चाधिकार समितीची घोषणा झालीच.

बंधूंनो, ही चाल ओळखा. मुले वाढली तर म्हणायचे, एवढ्यांना सेवा द्यायची कुठून? मुले घटली तर म्हणायचे, आता एवढ्या सेवा हव्यात कशाला? विळ्यावर भोपळा पडो की भोपळ्यावर विळा, चिरला जातो तो भोपळाच. आणि या गोष्टीतला भोपळा म्हणजे तुम्ही-आम्ही.

वाढ मंदावली, सेवा का सुधारल्या नाहीत?

आता आकडे पाहू. १९७१ ते १९८१ या दशकात देशाची लोकसंख्या जवळजवळ २५ टक्क्यांनी वाढली. २००१ ते २०११ या दशकात ही वाढ १७.७ टक्क्यांवर आली. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एका स्त्रीमागे सरासरी ३.४ मुले होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती २.० वर आली. म्हणजे आई-बापांची जागा भरून काढायला जेवढी लागतात, त्याहूनही थोडी कमी. महाराष्ट्रात हा आकडा १.७ आहे.

ज्यांना या प्रश्नात धर्म दिसतो, त्यांनी त्याच पाहण्या उघडाव्यात. हिंदू स्त्रियांमागे ३.३ वरून १.९, मुस्लिम स्त्रियांमागे ४.४ वरून २.४. उतार दोन्हीकडे आहे, आणि ज्यांचा आकडा अधिक होता त्यांचा उतार अधिक आहे. जिथे मुलगी शाळेत टिकली, जिथे दवाखाना जवळ आला, तिथे पाळणा लांबला. हे काम भाषणांनी झालेले नाही. नर्सबाई, आशाताई, मास्तर आणि बाई यांनी ते केले आहे. ज्या आशाताईंनी गावोगाव पायपीट करून हे घडवले, त्यांना सरकार आजही कर्मचारी म्हणत नाही, मानधनावर राबवते. लोकसंख्येची एवढी काळजी वाहणाऱ्यांनी आधी त्यांच्या पगाराची काळजी वाहावी.

आता साधा सवाल. लोकसंख्या हेच जर दुर्दशेचे मूळ असेल, तर वाढ जोरात होती तेव्हा सेवा मोडायला हव्या होत्या आणि वाढ मंदावल्यावर सुधारायला हव्या होत्या. प्रत्यक्षात काय झाले? १९४७ साली देशात २३,३४४ डाकघरे होती. पुढच्या चार-साडेचार दशकांत, म्हणजे लोकसंख्या सर्वाधिक वेगाने वाढत असताना, ती दीड लाखाच्या घरात गेली. त्याच काळात रेल्वेचे कामगार नऊ लाखांवरून साडेसोळा लाखांवर गेले. १९७७ ते १९७९ या काळात आपल्या कोकणातले मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या. तेव्हा देश आजच्यापेक्षा गरीब होता आणि पाळणाही अधिक हलत होता. पण सर्वसामान्य उतारूला बसायला नीट जागा मिळाली पाहिजे, हा विचार शाबूत होता. लोकसंख्या होती ती होतीच. बदलले ते धोरण.

एका कामगारामागे किती माणसे?

हिशेब सोपा आहे, मॅट्रिक झालेल्यालाही जमेल असा. १९५१ मध्ये देशाची लोकसंख्या ३६ कोटी आणि रेल्वेचे कामगार सुमारे ९ लाख १४ हजार. म्हणजे साधारण चारशे माणसांमागे एक रेल्वे कामगार. १९९१ मध्ये लोकसंख्या ८४ कोटी ६० लाख, कामगार साडेसोळा लाख. पाचशे माणसांमागे एक. आज लोकसंख्या १४० कोटींच्या पुढे आणि रेल्वेचे कायम कामगार बारा लाखांच्या आसपास. अकराशे ते बाराशे माणसांमागे एक!

काम मात्र कमी झाले का? १९९०-९१ मध्ये रेल्वेने सुमारे ३२ कोटी टन माल वाहिला. २०२४-२५ मध्ये १६१ कोटी टनांहून अधिक. उतारू १९९०-९१ मध्ये सुमारे ३८६ कोटी होते, २०२४-२५ मध्ये सातशे कोटींच्या वर गेले. माल पाचपट, उतारू जवळजवळ दुप्पट, आणि कामगार साडेचार लाखांनी कमी. हे लोकसंख्येने केले काय?

हे कसे घडवले तेही विसरता कामा नये. पाचव्या वेतन आयोगाने १९९७ मध्ये पगारवाढ सुचवताना सरकारी नोकरांची संख्या ३० टक्क्यांनी कमी करण्याची शिफारसही केली. २००१ मध्ये केंद्राने हुकूम काढला की सरळ भरती रिकाम्या जागांच्या एक तृतीयांशापर्यंतच करावी, आणि तीही मंजूर संख्येच्या एक टक्क्याच्या आत. कोरोनाच्या ऐन भरात, २ जुलै २०२० रोजी, रेल्वे बोर्डाने सुरक्षेशी संबंध नसलेल्या रिकाम्या जागांपैकी निम्म्या सरेंडर करण्याचे पत्र काढले. त्याच दिवसांत आपले कामगार श्रमिक स्पेशल चालवत होते आणि पोस्टमन घरोघरी औषधे पोचवत होते. टाळ्या-थाळ्या वाजवणाऱ्यांनी हे पत्र कधी वाचले असेल का?

फेब्रुवारी २०२३ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिले. १ डिसेंबर २०२२ रोजी रेल्वेत अराजपत्रित अशी सुमारे ३ लाख १२ हजार पदे रिकामी होती. तीन लाख बारा हजार! लोकसंख्येवर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी कितीजण या उत्तरावर उभे राहून बोलले?

‘यंत्रे आली, माणसे कशाला?’

साहेब लोक यावर म्हणतात, वाफेचे इंजिन गेले, कोळसा टाकणारा फायरमन गेला, तिकीट मोबाइलवर आले, मग माणसे कमी होणारच. यात काही तथ्य आहे, आम्ही ते नाकारत नाही. कोळसा फावड्याने भरण्याच्या कामावर आमचा लोभ नाही. पण यंत्राने ज्याचे काम गेले त्याला दुसऱ्या कामावर घेतले का, आणि ज्याचे काम यंत्राने गेले नाही त्याचे पद का भरले नाही, एवढे सांगा.

ट्रॅकमन आजही पहाटे थंडीत रूळ तपासत पायी चालतो. पॉइंट्समन आजही दोन डब्यांच्या मध्ये उतरून कपलिंग जोडतो. गँगमध्ये माणसे कमी, म्हणून समोरून येणाऱ्या गाडीवर नजर ठेवायलाही वेगळा माणूस देता येत नाही अशी पाळी येते. लोको पायलटला सलग रात्रपाळ्या कराव्या लागतात, ठरलेली विश्रांती कागदावर राहते. सफाई, पार्सल, डब्यांची देखभाल ही कामे संपलेली नाहीत. ती कंत्राटदाराकडे गेली आहेत. तिथे राबणारा माणूस तोच, फक्त त्याला पास नाही, दवाखाना नाही, पेन्शन नाही, आणि सरकारी आकड्यात त्याची मोजदादही नाही. खर्च वाचला असे म्हणतात. वाचला नाही, तो कंत्राटी मजुराच्या ताटातून काढला.

१७ जून २०२४ रोजी न्यू जलपायगुडीजवळ रंगापाणी येथे कांचनजंगा एक्सप्रेसला मागून मालगाडी धडकली. पहिल्याच दिवशी दोष टाकला गेला तो मृत लोको पायलटवर. मेलेला माणूस खुलासा द्यायला येत नाही, हे सोयीचे असते. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालाने स्वयंचलित सिग्नल बिघडल्यावर गाड्या चालवण्याच्या व्यवस्थेतल्या आणि प्रशिक्षणातल्या त्रुटी उघड केल्या. आणि त्याच आठवड्यात काय झाले पाहा. सहायक लोको पायलटच्या भरतीचा आकडा ५,६९६ होता, तो एकदम १८,७९९ करण्यात आला. त्या आठवड्यात देशाची लोकसंख्या तिप्पट झाली नव्हती. गरज आधीपासून होती, जागा आधीपासून रिकाम्या होत्या. ती गरज कबूल करायला माणसे मरावी लागली.

पुलावर गर्दी होती की पूल अरुंद होता?

मुंबईकरांना २९ सप्टेंबर २०१७ विसरता येणार नाही. तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. लगेच सूर निघाला, मुंबईत माणसे फार! पण तो पूल रुंद करा अशी मागणी मुंबईच्या खासदारांनी आधीच लेखी केली होती. पुढे सैन्याच्या अभियंत्यांना काम दिले आणि चार महिन्यांच्या आत, फेब्रुवारी २०१८ अखेर, नवा पूल खुला झाला. त्या चार महिन्यांत परळची गर्दी ओसरली होती काय? नाही. निर्णय झाला, पैसा दिला, माणसे लावली, पूल झाला. जे चार महिन्यांत होऊ शकत होते ते इतकी वर्षे का झाले नाही, याचे उत्तर लोकसंख्येच्या तक्त्यात सापडत नाही.

१५ फेब्रुवारी २०२५ ला नवी दिल्ली स्टेशनावर कुंभमेळ्याच्या गर्दीत १८ जण मेले. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसे पडून मेली. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे जीव गमावतात. यांतला कुणीही लोकसंख्या म्हणून मरत नाही. कुणी कल्याणचा, कुणी विरारचा, कुणी डोंबिवलीचा, संध्याकाळी घरी जायला निघालेला कामगार म्हणून मरतो. महालेखापरीक्षकांचा रुळावरून गाड्या घसरण्याविषयीचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत ठेवला गेला. सुरक्षेसाठी उभारलेल्या कोषातला पैसा अग्रक्रमाच्या कामांऐवजी दुसरीकडे खर्च झाल्याचे त्यात नमूद आहे. पुढच्या जूनमध्ये बालासोरजवळ बहानगा बाजारला तीन गाड्यांचा भीषण अपघात होऊन २९० हून अधिक बळी गेले. दोन्हींचा थेट संबंध आम्ही जोडत नाही. पण सुरक्षेचा पैसा सुरक्षेलाच गेला पाहिजे, हे सांगायला अपघाताची वाट पाहायची का?

टपालाची तऱ्हा निराळी नाही

टपाल बांधवांना वाटेल, हे सारे रेल्वेचे रडगाणे. तसे नाही. आज देशात एक लाख चौसष्ट हजारांच्या वर डाकघरे आहेत आणि त्यांतली दहापैकी नऊ खेड्यांत आहेत. ही बहुसंख्य शाखा डाकघरे कोण चालवतो? ग्रामीण डाक सेवक. जुन्या भाषेत ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’, म्हणजे खात्याबाहेरचा. त्यांची संख्या सुमारे अडीच लाख, खात्यातल्या कायम नोकरांपेक्षा अधिक. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितले की हा माणूस नागरी पद धारण करतो. तरी कागदावर त्याचे काम चार-पाच तासांचे, आणि पेन्शन नाही.

पत्रे कमी झाली हे खरे. पण कामे कमी झाली का? आधार दुरुस्ती डाकघरात, सुकन्या योजना डाकघरात, पासपोर्टची केंद्रे डाकघरात, २०१८ पासून पेमेंट्स बँक पोस्टमनच्या पिशवीत, पेन्शनरांचे हयातीचे दाखले घरपोच. लोकसंख्या जसजशी बदलते तसतशी नवी कामे डाकघराच्या दारात येतात. मनिऑर्डरवर जगणारे गाव आता खात्यावरच्या अनुदानावर जगते, आणि ते पैसे म्हातारीच्या हातात मोजून देणारा माणूस तोच असतो. २०१८ च्या मे-जूनमध्ये डाक सेवकांनी सोळा दिवसांचा संप केला, तेव्हा कुठे कमलेशचंद्र समितीच्या २०१६ पासून पडून असलेल्या अहवालाला हात लागला.

डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने १८९८ चा जुना कायदा मोडून नवा डाकघर कायदा केला. जुन्या कायद्यात पत्रे वाहण्याचा हक्क केवळ सरकारचा होता, नव्यात ते कलम नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. सर्वसामान्यांच्या विश्वासाची एक सेवा वेगळी म्हणून संपली. त्यावर संसदेत किती तास चर्चा झाली, आणि लोकसंख्येच्या भीतीवर किती तास होते, याचा ताळेबंद कुणीतरी मांडावा.

हात रिकामे, जागाही रिकाम्या

सर्वांत मोठी थट्टा भरतीत आहे. २०१८ मध्ये रेल्वेने सुमारे ९० हजार जागांची जाहिरात काढली, अर्ज आले दोन कोटींहून अधिक. २०१९ च्या फेब्रुवारीत एनटीपीसीची जाहिरात निघाली. पहिली परीक्षा झाली डिसेंबर २०२० मध्ये. त्याचा निकाल आला जानेवारी २०२२ मध्ये, आणि बिहार-उत्तर प्रदेशातली पोरे रुळावर उतरली. त्यांना लाठ्या मिळाल्या.

एकीकडे तीन लाख रिकाम्या जागा, दुसरीकडे दोन कोटी रिकामे हात. या दोन गोष्टी जोडणे ज्यांना जमत नाही, ते म्हणतात देशात माणसे फार आहेत! नाचता येईना, अंगण वाकडे. तरुण लोकसंख्या हे देशाचे भांडवल आहे असे भाषणात सांगायचे, आणि त्याच तरुणाचे अर्ज वर्षानुवर्षे कपाटात ठेवायचे. त्या काळात त्याचे वय निघून जाते आणि लग्न अडते. मग तो दहा हजारांवर कंत्राटदाराकडे लागतो, आणि खात्यातलेच काम अर्ध्या पगारात करतो.

इथे मराठी बांधवांना एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मुंबईत मारहाण झाली. परीक्षा मराठीतही द्यायला मिळावी ही मागणी रास्त होती, आणि पुढे प्रादेशिक भाषांत परीक्षा सुरूही झाल्या. पण आपली जागा परप्रांतातल्या पोराने खाल्ली हा समज खोटा आहे. जागा सरेंडर झाली, ती कुणीच खाल्ली नाही. आपले हे पान वाचणारे कितीतरी बांधव इटारसी, झाशी, सिकंदराबाद, हुबळी, वडोदरा इथे नोकरी करतात. तिथे तेच परप्रांतीय आहेत. कामगार कामगाराशी भांडत बसला की रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत होते.

म्हाताऱ्यांचे काय?

लोकसंख्येचा खरा बदल कुणाला पाहायचा असेल तर तो पाळण्यात पाहू नका, काठीत पाहा. २०११ मध्ये साठीच्या पुढची माणसे दहा कोटींच्या वर होती. सरकारच्याच तज्ज्ञ गटाच्या अंदाजाप्रमाणे २०३६ मध्ये दर शंभरांत पंधरा माणसे साठीच्या पुढे असतील. याची तयारी काय? मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे भाड्यातली सवलत बंद केली. पुरुषांना ४० टक्के आणि स्त्रियांना ५० टक्के मिळत होती. कोरोना गेला, सवलत काही आली नाही. संसदेच्या स्थायी समितीने फेरविचार करायला सांगितले, तरी नाही.

दुसरी तयारी म्हणजे १ जानेवारी २००४ नंतर नोकरीला लागलेल्यांची जुनी पेन्शन काढून घेतली. कामगार वर्ग वीस वर्षे लढला तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये युनिफाइड पेन्शन योजना जाहीर झाली. म्हातारपणी हातात ठरलेली रक्कम यावी हे तत्त्व मान्य करायला लावले, हा आपल्या लढ्याचा परिणाम आहे. पण कामगाराच्या पगारातून कपात न करता मिळणारी जुनी पेन्शन ती नव्हे. म्हातारे वाढणार हे ज्यांना २०१९ च्या पाहणीत दिसले, त्यांना म्हाताऱ्यांची पेन्शन दिसू नये?

आणीबाणीचा धडा

माणसांनाच दोष द्यायला लागले की गाडी कुठे जाऊन थांबते, हे या देशाने पाहिले आहे. १९७४ साली बुखारेस्टच्या जागतिक लोकसंख्या परिषदेत भारताने ठासून सांगितले होते की विकास हाच लोकसंख्येवरचा उत्तम उपाय. त्याच वर्षी मे महिन्यात रेल्वेच्या लाखो कामगारांनी वीस दिवस संप केला आणि तो चिरडला गेला. दोनच वर्षांत, आणीबाणीत, विकासाची भाषा गेली आणि कोट्याची भाषा आली. १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षकांना, सरकारी नोकरांना माणसे आणून देण्याचे कोटे ठरवून दिले. पगार, रजा, बढती नसबंदीच्या दाखल्याला बांधली. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही.

त्या सक्तीचा पहिला वार कुणावर झाला? झोपडीवाल्यावर, खेड्यातल्या गरिबावर आणि खालच्या श्रेणीतल्या नोकरावर. संपाचा हक्क आणि देहाचा हक्क एकाच सपाट्यात गेले. १९७७ मध्ये जनतेने त्याचे उत्तर दिले, आणि संपात काढून टाकलेले रेल्वे कामगार परत कामावर आले. लोकसंख्येच्या कायद्याची भाषा निघते तेव्हा हे आठवावे.

आधी मोजा तरी!

ज्यांना लोकसंख्येची एवढी चिंता, त्यांनी २०२१ ची जनगणना वेळेवर घेतली नाही. कोरोनाचे कारण पहिल्या वर्षी पटण्यासारखे होते, नंतर नाही. अखेर १६ जून २०२५ ची अधिसूचना निघाली आणि १ मार्च २०२७ ही देशाच्या बहुतेक भागासाठी संदर्भ तारीख ठरली. १८८१ पासून दर दहा वर्षांनी न चुकता चालत आलेला क्रम मोडला. अन्नसुरक्षा कायद्याचा रेशनचा कोटा २०११ च्या आकड्यावर ठरलेला आहे. त्यामुळे सुमारे १४ कोटी पात्र माणसे बाहेर राहिली असा मुद्दा फेब्रुवारी २०२५ मध्ये श्रीमती सोनिया गांधी यांनी राज्यसभेत मांडला. रेशन देताना जुना आकडा आणि भीती घालताना नवा अंदाज, हा कोणता न्याय?

रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प १९२४ पासून होता. फेब्रुवारी २०१६ चा शेवटचा. त्यानंतर तो मुख्य अर्थसंकल्पात बुडाला. पूर्वी त्या दिवशी गावोगावचे लोक कान देऊन ऐकत, आपल्या मार्गाचे काय, आपल्या स्टेशनचे काय. आता रेल्वेवर बोलायचा तो दिवसच गेला, आणि मोकळ्या झालेल्या वेळात लोकसंख्येवर व्याख्याने होतात.

आता काय करायचे?

आमच्या मागण्या अशा:

१. रेल्वे आणि टपाल खात्यांतली सर्व रिकामी पदे ठरलेल्या मुदतीत भरा. पदे सरेंडर करणे बंद करा.

२. मंजूर पदे कामाच्या आजच्या भारावर नव्याने ठरवा. गाड्या, माल, उतारू आणि डाकघरातली नवी कामे वाढली, तसे मनुष्यबळ वाढवा.

३. कायम स्वरूपाच्या कामावरील कंत्राट पद्धत बंद करा. ग्रामीण डाक सेवकांना खात्याचे कर्मचारी म्हणून दर्जा आणि पेन्शन द्या.

४. भरतीचे वार्षिक वेळापत्रक पाळा. जाहिरात ते नेमणूक एका वर्षाच्या आत.

५. जुनी पेन्शन आणि ज्येष्ठांची प्रवास सवलत परत द्या.

पण मागण्या छापून गप्प बसणे हा आपला रिवाज नाही. प्रत्येक शाखेने आपल्या डेपोचा, स्टेशनचा, डाकघराचा एक कागद तयार करावा. मंजूर पदे किती, भरलेली किती, रिकामी किती, गेल्या दहा वर्षांत सरेंडर किती. हा कागद घेऊन आपल्या मतदारसंघाच्या खासदाराकडे शिष्टमंडळ न्यावे, पक्ष कोणताही असो. त्याला सांगावे, साहेब, पुढच्या अधिवेशनात लोकसंख्येवर जरूर बोला, पण सोबत हा प्रश्न विचारा. मंत्र्याला लेखी उत्तर द्यावे लागते. तीन लाख बारा हजारांचा आकडा असाच लेखी उत्तरातून बाहेर आला. उतारू संघटना, ज्येष्ठ नागरिक संघ, भरतीची वाट पाहणारी मुले यांनाही सोबत घ्या. गर्दीतला माणूस आणि ड्यूटीवरचा माणूस एकमेकांवर ओरडण्याऐवजी एका फलकाखाली उभे राहिले, तर दिल्लीला ऐकावेच लागेल.

आणि पुढच्या वेळी कुणी तुम्हाला म्हणाला, “काय करणार, माणसेच फार झाली,” तर त्याला शांतपणे विचारा: “बरोबर आहे. मग त्यांची सेवा करायला ठेवलेल्या तीन लाख जागा रिकाम्या का?”

कामगार एकजुटीचा विजय असो!